घरची छोटी भट्टी : शेतीच्या अवजारांना धार व पाणी देण्याचे पहिले पाठ

खानदेशातील काळी जमीन पावसानंतर लगेच काम करू देत नाही आणि फार काळ थांबूही देत नाही. ओल अधिक असली म्हणजे चिखल अवजारास चिकटतो. ऊन लागून जमीन आवळली म्हणजे तीच माती दगडासारखी होते व तिला भेगा पडतात. या दोहोंमध्ये वापशाचे जे मोजके दिवस मिळतात, त्यांतच कपाशी, ज्वारी, बाजरी व भुईमूग यांची कोळपणी आणि निंदणी उरकावी लागते. नेमक्या अशा वेळी कोळप्याची पास बोथट निघाली किंवा खुरप्याची धार वळली, तर होणारे नुकसान लोखंडाचे नसून वेळेचे असते. गेलेला वापसा पैसे मोजूनही परत मिळत नाही. शिवाय निंदणीचे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. बोथट खुरप्याने तण मुळापासून निघत नाही, ते वरच्यावर तुटते, आणि दिवसभर ओढाताण करून मनगट मात्र भरून येते.

पूर्वी ही अडचण गावातच दूर होत असे. बारा बलुतेदारांत लोहाराचे स्थान मानाचे होते. पेरणीपूर्वी तो गावची अवजारे शेवटून देई व खळ्यावर धान्याच्या रूपाने आपला वाटा घेई. त्याच्या जोडीला घिसाडी किंवा गाडीलोहार कुटुंबे बैलगाडीवर संसार घेऊन गावोगाव फिरत. सांडशीत तापलेले लोखंड धरून बसलेला पुरुष आणि समोर उभी राहून घण घालणारी स्त्री हे दृश्य जुन्या पिढीच्या चांगले परिचयाचे आहे. पुढे बलुत्याची जागा रोख मजुरीने घेतली, नांगरटीचे पुष्कळ काम ट्रॅक्टरकडे गेले आणि अनेक गावांतील भाता थंडावला. परंतु विळा, खुरपे, कुदळ, कुऱ्हाड व कोळपे यांवाचून शेत आजही चालत नाही. म्हणूनच ज्याला हातकामाची आवड आहे अशा शेतकऱ्याने फावल्या वेळाचा छंद म्हणून घरी लहानशी भट्टी लावणे उपयुक्त ठरते.

या छंदाविषयी एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. लोहारकाम म्हणजे जोराने हातोडा मारणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण शक्तीचा भाग त्यात थोडा आहे. तापलेल्या लोखंडाचा रंग ओळखणे व त्या रंगावर योग्य वेळी थांबणे, हाच या कामाचा गाभा होय. ज्याला रंग ओळखता आला, त्याने अर्धी विद्या मिळविली.

कामाची मर्यादा

नवशिक्याने खुरपे, विळा, कुदळ, लहान पास, छिन्नी, कडी, आकडा व खिळे एवढ्यावरच संतुष्ट असावे. गाडीचा आस, ट्रॅक्टरच्या जोडणीचा आकडा, मोटेच्या किंवा पंपाच्या वजनाखालील साखळी असे ज्यांवर माणसाचा वा जनावराचा जीव अवलंबून असतो ते भाग घरच्या भट्टीत दुरुस्त करू नयेत. तसेच बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाग ठोकावयाचे नसतात. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तेथील लोखंडी नांगर महाराष्ट्रभर पोचले; तेव्हापासून शेतकऱ्याच्या घरी घडीव व ओतीव असे दोन्ही प्रकारचे लोखंड आले. घडीव लोखंड तापवून ठोकले असता पसरते. बीड ठोकले असता फुटते.

जागा व हंगाम

खानदेशात पुष्कळ शेतकरी चांगल्या भावाच्या आशेने कापूस घरातच साठवून ठेवतात. घराशेजारी पऱ्हाटीचे भारे रचलेले असतात व गोठ्याजवळ कडब्याची गंजी असते. भट्टीतून उडालेली एक ठिणगी यांपैकी कशालाही पुरेशी आहे. यास्तव धाब्याच्या घरात, माळवदावर किंवा गोठ्यालगत भट्टी कधीही लावू नये. शेतातील विहिरीजवळची मोकळी, गवत काढून टाकलेली जागा उत्तम. तेथे पाणी हाताशी असते. वर पत्र्याचे छप्पर असावे, बाजू मोकळ्या असाव्यात. छपराची सावली केवळ सुखासाठी नसते. उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्यांना फसवितो व नेहमी खरा असतो त्याहून फिका दिसतो. सावलीत तो नीट ओळखता येतो.

शिकण्यास कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ योग्य होय. चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो व कोरडे वारे सुटतात. अशा दिवसांत भट्टी पेटविणे शरीरासही घातक व शिवारासही. निकड असल्यास पहाटे, वारा पडलेला असताना काम करून विस्तव पूर्ण विझवावा.

भट्टी व साहित्य

भट्टीसाठी मालमोटारीच्या ब्रेकचा जुना लोखंडी ड्रम सोयीचा असतो. तो न मिळाल्यास विटांचा ओटा करून त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीची उथळ वाटी करावी. वाटीला आतून लेप देताना शेतातील काळी माती वापरू नये. ती ओलीने फुगते व वाळताना भेगाळते. विस्तवाच्या उष्णतेने लेप लवकरच सुटतो. वारुळाची माती, वाळू व थोडे शेण यांचा मळून केलेला लेप अधिक टिकतो. लेप सावलीत पूर्ण वाळवून मगच प्रथम मंद विस्तव करावा. वाटीच्या तळाशी किंवा बाजूने सुमारे २५ मिलिमीटर व्यासाची साधी लोखंडी नळी आणून तिला हाताने फिरवावयाचा पंखा जोडावा. विजेच्या पंख्याने वारा अखंड येतो व नवशिक्याचे लोखंड बेसावधपणे जळते. हातपंख्याचा वारा हाताबरोबर थांबतो. म्हणून पहिल्या वर्षी हातपंखाच बरा.

जळणास बाभळीचा लोणारी कोळसा उत्तम. दगडी कोळशाचा धूर अधिक व त्यातील गंधक लोखंडास बाधक असतो. पऱ्हाटी पेट घेण्यास चांगली, परंतु तिचा निखारा टिकत नाही; ती फक्त आग लावण्यापुरती वापरावी. कोळसा परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावा.

ऐरणीसाठी रुळाचा जाड तुकडा चांगला. मात्र भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाजवळ राहणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे की चोरीचा रूळ बाळगणे हा १९६६ च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदा कब्जा) कायद्यानुसार गुन्हा आहे. रीतसर विकलेल्या मालाची पावती असल्याखेरीज असा तुकडा घेऊ नये. त्याऐवजी जाड पोलादाचा कोणताही सपाट ठोकळा चालतो. ऐरण बाभळीच्या किंवा निंबाच्या जमिनीत पुरलेल्या ओंडक्यावर घट्ट बसवावी. उभे राहून मूठ आवळून हात खाली सोडला असता बोटांची पेरे जेथे येतात, तेवढी तिची उंची असावी. ऐरण ठेंगणी झाली तर कंबर दुखते, उंच झाली तर खांदा.

याशिवाय सुमारे १ किलो वजनाचा हातोडा, लांब दांड्याची सांडशी, छिन्नी, कानस, एक लोहचुंबक, पाण्याची बादली व झाकण असलेले लोखंडी तेलपात्र एवढे साहित्य पुरे. भारी घण घेण्याचा मोह टाळावा. त्याने पाते वेडेवाकडे होते व मनगटास इजा पोचते.

पोलाद ओळखणे

सर्व लोखंड धार धरीत नाही. बांधकामाच्या साध्या गजात किंवा पट्टीत कार्बनचे प्रमाण अल्प असते. ते कितीही तापवून पाण्यात घातले तरी विळ्याला लागते तसे कठीण होत नाही. कडी व आकडे करण्यास ते योग्य. धारेच्या हत्यारास मालमोटारीच्या कमानीचा पाटा उपयोगी पडतो. त्यात कार्बनचे प्रमाण साधारणतः अर्धा टक्का किंवा थोडे अधिक असते.

हाती आलेला तुकडा कोणत्या जातीचा आहे हे पाहण्याची सोपी रीत अशी : त्याचे एक टोक लाल करून एकदम पाण्यात बुडवावे व गार झाल्यावर त्यावर कानस फिरवावी. कानस चावली तर ते नरम लोखंड. कानस घसरली तर पाणी धरणारे पोलाद. जुना विळा किंवा खुरपे ठोकण्यापूर्वी ही परीक्षा त्याच्या मुठीकडील टोकावर करून पाहावी. परीक्षा केलेले टोक ठिसूळ झालेले असते, म्हणून ते पुन्हा लाल करून राखेत सावकाश गार होऊ द्यावे.

जस्ताचा मुलामा असलेली नळी किंवा पत्रा भट्टीत कदापि घालू नये. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेल्यास थंडी वाजून ताप येतो. रंग लावलेले लोखंडही आधी खरवडून स्वच्छ करावे.

पाठ पहिला : रंगाची ओळख

दहा किंवा बारा मिलिमीटर जाडीचा साधा गज घ्यावा. निखाऱ्यांचा थर नळीच्या वर चार बोटांहून अधिक असावा. गज वाऱ्याच्या तोंडावर न धरता निखाऱ्यांच्या मध्यभागी आडवा ठेवावा. सरळ वाऱ्यात धरलेल्या लोखंडावर खपली धरते व ते झिजते.

प्रथम अंधुक तांबडा रंग येतो. ही उष्णता सुमारे ६०० अंश सेल्सिअस असते. त्यानंतर डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, ७५० ते ८०० अंशांच्या सुमारास. पुढे नारिंगी, सुमारे ९५० अंश. पुढे पिवळट नारिंगी, १,०५० ते १,१०० अंश. यानंतर रंग पांढुरका होऊ लागतो व १,३०० अंशांच्या पुढे फुलबाजीप्रमाणे ठिणग्या उडू लागतात. ठिणग्या उडाल्या म्हणजे पोलाद जळू लागले असे समजावे. जळलेले पोलाद कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. तेवढा भाग कापून टाकावा लागतो.

घडविण्याचे काम पिवळट नारिंगीपासून डाळिंबी लालपर्यंतच करावे. रंग अंधुक झाला की हातोडा थांबवून लोखंड पुन्हा भट्टीत घालावे. "आणखी दोनच घाव" या लोभाने पातळ धारेला जी बारीक चीर पडते ती त्या दिवशी दिसत नाही. शेतात पाते तुटते तेव्हा दिसते. पहिले काही दिवस गजाचे टोक निमुळते करणे, त्याचा आकडा वळविणे, खिळा घडविणे एवढाच अभ्यास करावा. या साध्या लोखंडावर चूक झाली तरी हानी थोडी होते.

पाठ दुसरा : खुरपे शेवटणे

हात बसल्यावर जुने खुरपे घ्यावे. प्रथम लाकडी मूठ काढावी. धारेकडील सुमारे दोन बोटे भाग नारिंगी होईपर्यंत तापवावा व ऐरणीवर हलक्या, सारख्या घावांनी मध्यापासून धारेकडे पसरवीत न्यावा. एकाच बाजूने ठोकल्यास पाते वाकते, म्हणून ते वरचेवर उलटावे. धार अगदी पातळ करू नये. पाणी देताना फार पातळ कड वळते किंवा तडकते. जुन्या नाण्याच्या कडेइतकी जाडी ठेवून उरलेले काम नंतर कानशीने करावे.

घडाई संपल्यावर पाते पुन्हा डाळिंबी लाल करून कोरड्या राखेत सावकाश गार होऊ द्यावे. ठोकल्याने पोलादात आलेला ताण त्यामुळे निघून जातो. हा टप्पा वगळलेली पाती पाणी देताना वाकडी होतात.

पाठ तिसरा : पाणी देणे

हत्याराला "पाणी देणे" हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोग फार अर्थपूर्ण आहे. सर्व घडाई उत्तम झाली आणि पाणी चुकले, तर हत्यार एक तर मेणासारखे नरम राहते किंवा काचेसारखे फुटते. या कृतीचे दोन भाग आहेत, आणि दुसरा भाग विसरणे ही सर्वांत सामान्य चूक होय.

पहिला भाग कठीण करण्याचा. पात्याची धार सावकाश तापवीत मधूनमधून लोहचुंबकाला लावून पाहावी. सुमारे ७७० अंशांना लोखंडाची चुंबकाकडील ओढ संपते. ती संपली की किंचित अधिक तापवून, पाते उभे धरून तेलात पूर्ण बुडवावे. कमानीच्या पाट्याच्या पातळ पात्यास पाण्यापेक्षा तेल हितकर. पाण्यात ते एकदम आवळून तडकण्याचे भय असते. सरकीचे किंवा भुईमुगाचे तेल हाताला सोसवेल इतके कोमट करून वापरावे. मोटारीचे जळके तेल वापरू नये, त्याचा धूर अपायकारक असतो. पाते अर्धवट बाहेर राहिल्यास तेल पेट घेते. तसे झाल्यास पाणी न ओतता पात्रावर झाकण घालावे.

दुसरा भाग उतरविण्याचा. तेलातून निघालेले पाते कठीण खरे, पण ठिसूळ असते. ते विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करावे व लाल तापविलेल्या जाड लोखंडी ठोकळ्यावर पाठीकडून टेकवून धरावे. घासलेल्या पृष्ठावर रंग उमटून पाठीकडून धारेकडे सरकू लागतात. प्रथम वाळलेल्या कडब्यासारखा पिवळा, २२० ते २३० अंश. मग तपकिरी, २५० ते २६०. मग जांभळा, २७० ते २८०. आणि शेवटी निळा, सुमारे ३०० अंश. इच्छित रंग धारेवर पोचताच पाते पाण्यात बुडवून तेथेच थांबवावे.

कोणत्या रंगावर थांबावे हे काम व जमीन पाहून ठरवावे. कापणीच्या विळ्यास गडद पिवळा ते तपकिरी रंग योग्य, कारण त्याला धार हवी व धक्का थोडा. रावेर, यावल, चोपडा भागातील तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत चालणाऱ्या खुरप्यासही तपकिरी रंग चालतो. साक्री तालुक्यातील डोंगरउताराच्या मुरमाड जमिनीत तेच खुरपे दगडाला लागून कपचा उडवील. तेथे जांभळ्यावर थांबावे. कोयता व कुऱ्हाड यांस जांभळा, तर कुदळीस जांभळा ते निळा रंग द्यावा. धार थोडी लवकर गेली तरी पुन्हा लावता येते. तुटलेली कुदळ माणसाच्या पायावर येते.

विजेच्या सहाणेवर धार लावणाऱ्यांनीही हेच रंग ध्यानात ठेवावेत. सहाणेवर दाबून धरलेल्या पात्याची कड निळी पडली, तर तेथील पाणी उतरले असे निश्चित समजावे. धार तेव्हा चकचकीत दिसते, पण दुपारपर्यंत वळते. पाते थोडे थोडे टेकवावे व वरचेवर पाण्यात बुडवावे.

दक्षता

अंगात सुती कपडे व पायांत बंद जोडा असावा. कृत्रिम धाग्याचे कापड ठिणगीने वितळून कातडीस चिकटते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा प्रत्येक वेळी लावावा. कोळशाच्या निखाऱ्यांतून रंग व वास नसलेला विषारी वायू निघतो, म्हणून बंद खोलीत भट्टी किंवा उरलेले निखारे ठेवू नयेत. ओला दगड किंवा ओली वीट विस्तवात घालू नये, ती उडते. काळे दिसणारे लोखंड गार असते असे नव्हे. ते उचलण्यापूर्वी हाताची मागील बाजू जवळ नेऊन पाहावे. मुलांना रेघ आखून द्यावी व तिच्या आत येऊ देऊ नये. काम संपल्यावर निखाऱ्यांवर पाणी शिंपडून राख हलवून पाहावी.

तयार हत्यार कोरडे पुसून तेलाचा हात फिरवून टांगावे. केळीच्या बागेत वापरलेले हत्यार तर त्याच दिवशी धुवावे. केळीचा चीक तसाच राहिल्यास पाते काळे पडते व गंजते.

लोहाराकडूनच शिकावे

वर दिलेली माहिती वाचून हात बसणार नाही. रंग कागदावर दाखविता येत नाही. गावात किंवा शेजारच्या गावात लोहार असेल तर हंगाम नसताना त्याच्याकडे काही दिवस बसावे, भाता चालवावा, त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा व नजर तयार करावी. भट्टी घरी झाली तरी नवे विळे घडविणे, मोठी पास सांधणे, जाड फाळ शेवटणे ही कामे त्याच्याकडेच न्यावीत. शेतकऱ्याचा छंद लोहाराच्या पोटावर येऊ नये. उलट किरकोळ धारेची गर्दी कमी झाल्यास त्याला जोखमीच्या कामास वेळ मिळतो.

लोहारांसाठी शासनाचे साहाय्यही आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी आरंभ झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा पारंपरिक व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. गावच्या लोहारास याची माहिती नसेल तर ती त्याला द्यावी व नोंदणीविषयी ग्रामपंचायतीत चौकशी करण्यास सांगावे.

खानदेशात आखाजीला सालदाराचे नवे साल धरले जाते व शेतीच्या वर्षाची मांडणी होते. त्या दिवसापूर्वी घरातील प्रत्येक विळा, खुरपे, कुदळ व पास तपासून, शेवटून, मूठ घट्ट करून ओळीने टांगलेली असावी. मग पहिला पाऊस पडून वापसा आला की शेतकऱ्याला कोणाच्या दारात ताटकळावे लागणार नाही. अवजार खांद्यावर टाकून सरळ शेताची वाट धरता येईल.